हिपॅटायटिस बी आणि फॅटी लिव्हर दोन्ही आहे, गोळी आताच सुरू करावी का?

नमस्कार. माझे थोरले बंधू ४६ वर्षांचे आहेत. त्यांना हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग आहे. दर सहा महिन्यांनी तपासण्या होतात आणि आजवर औषधाची गरज पडली नव्हती. या खेपेस मात्र सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर (यकृतात मध्यम प्रमाणात चरबी) निघाले, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) ६८ आला, आणि फायब्रोस्कॅनच्या (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीच्या) कागदावर कडकपणा ७.४ केपीए व त्याच्याच खाली चरबीचा आकडा (कॅप) २९८ असा छापून आला आहे. एचबीव्ही डीएनए, म्हणजे रक्तातील या विषाणूचे प्रमाण, १,४०० आहे. मधुमेह आहे, वजन ८८ किलो आहे. दारू मात्र ते घेत नाहीत.

पहिल्या डॉक्टरांच्या मते डीएनए २,००० च्या आत असल्यामुळे एसजीपीटी चरबीमुळेच वाढला असावा, तेव्हा आधी वजन उतरवावे आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. दुसऱ्या डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा दाखला दिला: मधुमेह किंवा फॅटी लिव्हर सोबत असेल, तर डीएनएचा आकडा कितीही असला तरी उपचार द्यावेत असे त्यांत सुचवले आहे. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण यकृतात चरबी असलेल्या रुग्णांत विषाणूंचे प्रमाण बरेचदा कमीच आढळते असे वाचले. मग केवळ त्या कमी आकड्यावर विसंबून थांबणे कितपत योग्य?

विषाणूवरची गोळी सुरू केल्यावर ती मनाने बंद करता येत नाही, कारण विषाणू पुन्हा उसळून यकृताला मोठी इजा होऊ शकते, हे आम्हांला ठाऊक आहे. अडचण निवडीची आहे. टेनोफोविर या विषाणूरोधक गोळीच्या जुन्या प्रकारात मूत्रपिंड आणि हाडांकडे लक्ष ठेवावे लागते, तर नव्या अलाफेनामाइड प्रकारात वजन आणि कोलेस्टेरॉल वाढल्याच्या नोंदी आहेत, आणि इथे तर वजनच उतरवायचे आहे. अशा रुग्णाला एन्टेकाविर ही दुसरी विषाणूरोधक गोळी देतात का?

ज्यांच्या घरी हे दोन्ही आजार एकत्र आहेत, त्यांना कोणती गोळी दिली गेली आणि वजन उतरल्यावर एसजीपीटी खाली आला का, हे कृपया सांगावे. जाणकार डॉक्टरांनी लिहिल्यास फारच उत्तम. काढे आणि कावीळ उतरवणाऱ्यांचे पत्ते मात्र नकोत. ते नातेवाइकांकडून भरपूर मिळाले आहेत.