पपनसाला भोकं पाडणारा केशरी पंखांचा पतंग, याचं खरं नाव कुठलं धरायचं?

कुळागरकार_केरी
नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात केरीला आमचं कुळागर (बागायत) आहे, पोफळी, केळी आणि कडेला पपनसाची चार झाडं. चवथ तोंडावर आलीय आणि माटोळीला (गणपतीच्या वर फळं टांगतात ती चौकट) दरवर्षी घरचीच पपनसं बांधतो आम्ही, पण आठवडाभर झाला, हिरवी फळं अवेळी पिवळी पडून गळताहेत. हातात घेऊन बघितलं तर टाचणी टोचल्यासारखं एकच भोक, भोवती रुपयाएवढा तपकिरी डाग, आणि दाबलं की आंबूस रस बाहेर येतो. परवा रात्री नऊला पाऊस थांबल्यावर टॉर्च घेऊन गेलो तर फळावर दोन लाल ठिपके चमकले, जवळ गेलो तर ते डोळे होते! चांगला तळहाताएवढा पतंग, वरचे पंख हुबेहूब सुक्या पानासारखे, आणि उडाला तेव्हा मागचे पंख भडक केशरी, त्यावर काजूच्या बीसारखा वाकडा काळा पट्टा.

नेटवर शोधलं तर एकीकडे ऑथ्रिस फुलोनिया, दुसरीकडे युडोसिमा फॅलोनिया, तिसरीकडे ऑफिडेरेस, कुळ पण कुठे नॉक्टुइडी कुठे इरेबिडी. हे तीन किडे आहेत की एकच? आणि शेजारचे काका म्हणतात गुळवेलीवरच्या अळीचा हा पतंग होतो, वेल कापून टाक. आई काढ्याला तीच वेल वापरते, ती ऐकणार नाही. काय करू?

सांगेकर७
आमच्या पेरूंना पण हेच होतं पावसात. संध्याकाळी झाडाखाली धूर करा, थोडा फरक पडतो. गळलेली फळं मात्र तिथे ठेवू नका, खड्डा करून पुरा, वास आला की अजून येतात.

रातपाखरू
दादा, किडा एकच आहे, नावं बदलत गेली. काजूच्या बीसारखा पट्टा म्हणताय म्हणजे युडोसिमा फॅलोनिया. लिनियसने १७६३ मध्ये फॅलोनिया नाव दिलं, १७६४ मध्ये क्लर्कने त्याच पतंगाला फुलोनिया म्हटलं, आणि नियम असा की आधीचं नाव टिकतं. एका वर्षाचा फरक, पण लोक इतकी वर्षं फुलोनियाच लिहीत आले, त्यामुळे शेतीच्या जुन्या पुस्तकांत तेच सापडेल.

आता जोडनावातलं पहिलं, म्हणजे प्रजातीचं (जीनसचं) नाव. युडोसिमा हे बिलबर्गने १८२० मध्ये दिलं. नंतर ऑथ्रिस, ऑफिडेरेस, र्‍हिटिया, अ‍ॅड्रिस, खादिरा अशी वेगवेगळी प्रजातीनावं आली, जो तो थोडा वेगळा पंख दिसला की नवीन घर बांधायचा. आज ती सगळी युडोसिमातच धरतात. पंचेचाळीसच्या आसपास जाती आहेत, आफ्रिकेपासून आपल्याकडे, पुढे ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकची बेटं आणि अमेरिकेतसुद्धा. तिकडच्या एकाला तर कितीतरी काळ आपल्याकडच्या मटेर्ना या जातीच्याच नावाने ओळखायचे, मग नीट बघितल्यावर तो वेगळा निघाला, युडोसिमा अ‍ॅप्टा. कुळाचं म्हणाल तर पूर्वी नॉक्टुइडी होतं, साधारण २०११च्या सुमाराला डीएनएवरून मोठी फेरमांडणी झाली आणि ही मंडळी इरेबिडीत गेली. म्हणजे जुनी पुस्तकं खोटी नाहीत, जुनी आहेत एवढंच.

ओळखायचं तर मागचा पंख बघा, पुढच्या पंखावर विसंबू नका, नर मादीत पण तो वेगळा असतो. काळा वाकडा पट्टा असेल तर फॅलोनिया, मधोमध गोल काळा ठिपका आणि कडेच्या काळ्या पट्टीवर पांढरे ठिपके असतील तर मटेर्ना. सालामिनिया ही आणखी एक जात, तो मात्र पुढच्या पंखावरूनच कळतो, हिरवागार आणि वरच्या कडेला सायीसारखा पट्टा.

आणि त्या सोंडेला दाद द्यायलाच हवी. बाकीचे पतंग मध चोखतात, याच्या सोंडेचं टोक कडक, त्यावर उलट्या काट्यांसारखे दात, दोन अर्धी आळीपाळीने पुढेमागे सरकवून पपनसाची जाड सालही भोसकतो. याच्याच नात्यातल्या कॅलिप्ट्रा प्रजातीत काही जातींचे नर तर जनावरांचं रक्त पितात. बहुतेक पतंगांची अळी नुकसान करते, इथे उलट, अळी फळाला तोंड लावत नाही.

अमृतवेल_फोंडा
काका अर्धं बरोबर बोलले. माझ्या गेटवरच्या गुळवेलीवर दरवर्षी ही अळी असते. काळपट, अंगाच्या बाजूला दोन मोठे डोळे काढल्यासारखे गोल, हात लावला की डोकं आत वळवून शेपटाकडचा भाग वर करते, पहिल्यांदा मी पण घाबरून मागे सरले होते. नंतर दोन पानं धाग्याने शिवून आत कोष करते.

पण वेल कापून काही होणार नाही हो. तिला गुळवेलीच्या कुळातलं काहीही चालतं, वासनवेल, पहाडवेल, आणि सत्तरीच्या रानात त्या काय कमी आहेत का. पतंग लांबून उडत येतो. पॅसिफिकच्या बेटांवर तर याच फॅलोनियाची अळी पांगार्‍यावर जगते. आईंची वेल राहू द्या, फळांना पिशव्या बांधा, कापडाच्या, प्लास्टिकच्या नकोत, आत पाणी धरतं. फळाला कापड चिकटू देऊ नका, सैल बांधा, नाहीतर वरूनच सोंड घालतो.

कुळागरकार_केरी
सगळ्यांचे मनापासून आभार. आईच्या जुन्या नऊवारीचे तुकडे करून एकवीस फळं बांधली काल, माटोळीपुरती झाली. गुळवेल तशीच ठेवलीय, खालच्या पानावर एक अळी सापडली, डोळेवाली, आईला दाखवली तर म्हणते हिला दूध घालू नकोस म्हणजे झालं.

@रातपाखरू, काल रात्री परत गेलो, टॉर्चला लाल कागद लावून, त्यामुळे उडाला नाही. एका न बांधलेल्या फळावर दोघं होते शेजारी शेजारी. एकाचा तोच वाकडा पट्टा. दुसर्‍याने पंख जरा उघडले तर मधोमध काळा गोल टिकलीसारखा, कडेला पांढरे ठिपके ओळीने. म्हणजे मटेर्ना ना? एकाच पपनसावर दोन जाती! फोटो सकाळी टाकतो.

रातपाखरू
मटेर्नाच. फोटो टाका लवकर, आणि ते फळ आज बांधू नका, मी येतोय बघायला.