घरी बर्न केलेल्या सीडी-डीव्हीडी किती वर्षं टिकतात?

शोधक_७
२००३ ते २००८ दरम्यान बर्न केलेल्या सीडी-आर, डीव्हीडी-आर आणि काही विकतच्या ऑडिओ सीडी आहेत. बहुतेक अजून उघडतात. वेष्टनावर तर "१०० वर्षं" छापलेलं होतं. त्यावर कितपत विसंबायचं? सगळं हार्ड डिस्कवर उतरवू, की एम-डिस्कवर (दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेली, बर्न करता येणारी डिस्क) परत बर्न करू?

पॉलिकार्बोनेट
आधी प्रकार वेगळे करा. विकतच्या सीडीत माहिती प्लास्टिकमध्येच खड्ड्यांच्या रूपात दाबलेली असते. तिथे धोका फक्त अॅल्युमिनियमच्या थराला, लाखेतून हवा आत शिरली की तो गंजतो. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमध्ये मात्र सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि उष्णता, दमटपणा, ऊन यांनी तो हळूहळू बिघडतो. या रंगांपैकी फ्थॅलोसायनिन हा सायनिनपेक्षा बराच टिकाऊ. ती १०० वर्षं म्हणजे उष्ण-दमट पेटीत काही आठवडे ठेवून काढलेला अंदाज आहे, हमी नव्हे.

सीडीची नाजूक बाजू वरची, लेबलची. धातूवर लाखेचा पातळ थर सोडला तर काहीच नसतं. खालचा ओरखडा पॉलिश करता येतो, वरचा धातूपर्यंत गेला की संपलं. डीव्हीडीत थर ०.६ मिमीच्या दोन चकत्यांमध्ये असतो, पण जोडचा डिंक कडेने सुटतो. म्हणून केसमधून काढताना कड धरून ओढू नका, मधला खुंटा दाबा.

एरर_करेक्शन
"उघडते" म्हणजे धडधाकट, असं मुळीच नाही. चुका दुरुस्त होत राहतात तोवर काही कळत नाही आणि क्षमता संपली की फाइल एकदम अडकते. क्यूपीएक्सटूल किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोल या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्रामने स्कॅन करा (चुकांची मोजणी देणारा ड्राइव्ह लागतो, सगळे देत नाहीत). सीडीवर सी१ (किरकोळ, दुरुस्त होणाऱ्या चुका) सेकंदाला सरासरी २२० च्या आत हवं, सी२ (गंभीर चुका) एकही नको. डीव्हीडीवर पीआय एररची (तिथल्या तशाच किरकोळ चुका) मर्यादा दर आठ ब्लॉकमागे २८०. एका आकड्यापेक्षा वर्षागणिक चुकांचा आलेख चढतोय का ते महत्त्वाचं.

वेळ नसेल तर निदान शेवटी बर्न केलेल्या फाइल्स उघडून बघा. लिहिणं मधून बाहेर होतं आणि सडणं बहुधा कडेपासून सुरू होतं.

शोधक_७
दोन डीव्हीडी ९० टक्क्यांवर अडकतात. काही करता येईल?

एरर_करेक्शन
विंडोजमधून पुन्हा पुन्हा कॉपी मारत बसू नका. डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून माहिती काढणारा प्रोग्राम) वापरा: ब्लॉक २०४८ बाइट, मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) अवश्य द्या. पहिल्या फेरीत खराब भाग सोडून द्यायचा, दुसरीत तीन वेळा प्रयत्न. मग डिस्क दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून त्याच मॅप फाइलवर पुढे चालू करा. एकाला न वाचलेले सेक्टर दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येतात. त्याआधी डिस्टिल्ड पाणी आणि मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि सलग माहिती खातो. ऑडिओ सीडीला ही पद्धत चालत नाही, तिथे एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरा.

पॉलिकार्बोनेट
एम-डिस्कबद्दल: तिच्यात सेंद्रिय रंग नाही, त्यामुळे टिकाऊपणाचा मुद्दा खरा. साधी एचटीएल प्रकारची बीडी-आरही (एकदाच बर्न करता येणारी ब्लू-रे डिस्क) असेंद्रियच असते, फक्त वेष्टनावर "एलटीएच" (सेंद्रिय रंगाचा प्रकार) असेल ती घेऊ नका. पण वाचायला ड्राइव्ह शिल्लक राहील का, हा प्रश्न डिस्कच्या आयुष्यापेक्षा मोठा वाटतो. म्हणून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत, एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायचा आकडा), आणि हवं तर तिसरी प्रत बीडी-आरवर. जागा उरली तर डीव्हीडिझास्टर या प्रोग्रामने दुरुस्तीची माहितीही त्याच डिस्कवर घाला, मात्र ती बर्न करतानाच घालायची.

साठवण उभी, अंधारात, ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रतेत. चिकटणारी लेबलं लावू नका आणि लावलेली सोलूही नका, सीडीचा धातूच सोबत निघतो. नाव लिहायचं तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या पेनाने.