मदत हवी आहे: जुन्या मारुती एस्टीमचा टायमिंगचा तक्ता वाचायचा कसा? घाटात नॉकिंग (इंजिनची खडखड) जातच नाही

नमस्कार मंडळी. मी बीडचा. वडिलांची १९९७ची कार्ब्युरेटरवाली एस्टीम माझ्याकडे आहे, तेराशे सीसी. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजल्यानं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, एका जागी थांबत नव्हतं आणि बरा जुना डिस्ट्रिब्युटर मिळेना, म्हणून चार महिने खपून मी स्पीडुइनो, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कंप्युटर बोर्ड, बसवला. इंधन अजून कार्ब्युरेटरच देतो, बोर्डकडे फक्त स्पार्क आहे. क्रँकच्या पुलीवर ३६ वजा १ दातांचं (एक दात गाळलेलं) चाक, मॅनिफोल्डमधून (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या मार्गातून) नळी काढून प्रेशर सेन्सर, आणि वेस्टेड स्पार्कचे, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकणारे, कॉइल. गाडी हाफ सेल्फला सुरू होते.

माझं घोडं अडलंय ते टायमिंगच्या तक्त्यावर. सोळा बाय सोळा घरं. आडवं आरपीएम, उभं मॅनिफोल्डचं प्रेशर किलोपास्कलमध्ये, आणि प्रत्येक घरात टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर पोचण्याच्या) आधी किती अंशावर ठिणगी टाकायची तो आकडा. नेटवर मिळालेली दुसऱ्या एका गाडीची फाइल मी तशीच चढवली. ३००० आरपीएमला ४० किलोपास्कलच्या ओळीत ३८ अंश होते, तर ९० च्या ओळीत २५०० ला २६.

आता त्रास सांगतो. घरची चार माणसं बसवून मांजरसुंब्याचा घाट चढताना चौथ्या गिअरला इंजिन खडखडतं, डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. म्हटलं अ‍ॅडव्हान्स जास्त झाला, ठिणगी फार लवकर पडतेय. तक्त्यात सगळ्यात मोठे आकडे खालच्या ओळींत दिसले, म्हणून तेच कापले, ३८ चे २२ केले. घाटातली खडखड जशीच्या तशी! उलट सपाट रस्त्यावर गाडी मेल्यासारखी चालते, अ‍ॅव्हरेज पंधरावरून तेरावर आलं आणि टेम्परेचरचा काटा नेहमीपेक्षा वर राहतो. टायमिंग मागं घेतल्यावर इंजिन थंड राहायला हवं ना?

आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या चाचांनी मला लहानपणी टायमिंग शिकवलं ते कानानं. डिस्ट्रिब्युटर हातानं फिरवायचा, गाडी चढावर न्यायची, खडखड आली की केसभर मागं घ्यायचं. ते मला पूर्ण कळतं. हा २५६ आकड्यांचा तक्ता त्या भाषेत कुणी समजावून देईल का? इंजिन फोडून बसायचं नाहीये, वडिलांची आठवण आहे ती.

प्रतिसाद, वाळूजहून

भाऊ, तुझ्या चाचांनी शिकवलं तेच या तक्त्यात आहे, फक्त पसरून मांडलंय. जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि स्प्रिंग असायच्या. आरपीएम वाढला की वजनं बाहेर फेकली जायची आणि अ‍ॅडव्हान्स वाढायचा. ती वजनं म्हणजे तुझी आडवी बाजू. बाहेर लावलेला व्हॅक्यूमचा डबा आठव. अर्ध्या थ्रॉटलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जास्त, म्हणून डबा पट्टी ओढायचा आणि आणखी अ‍ॅडव्हान्स द्यायचा. पाय पूर्ण दाबला की व्हॅक्यूम गेला, तो अ‍ॅडव्हान्सही गेला. ती तुझी उभी बाजू. तुझा सेन्सर व्हॅक्यूम नाही, खरं प्रेशर दाखवतो, म्हणून वाचन उलटं: ४० म्हणजे हलका पाय, ९० म्हणजे जड भार.

असं का, तेही समजून घे, नाहीतर पुन्हा चुकीची घरं कापशील. ठिणगी पडली की सगळं मिश्रण एकदम पेटत नाही, ज्वाळा पसरायला वेळ लागतो. सिलिंडरमधला दाब पिस्टन टीडीसी ओलांडून साधारण १५ अंश खाली आल्यावर शिखराला पोचला की क्रँकला सगळ्यात चांगला जोर मिळतो. तिथून मागं मोजत ठिणगीची जागा ठरते. २५०० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १५ अंश फिरतो. हलक्या भाराला सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ भरलेलं, त्यात जुना जळका वायू जास्त मिसळलेला, म्हणून ज्वाळा सावकाश चालते आणि ठिणगी लवकर लागते. जड भाराला मिश्रण दाटून भरलेलं असतं, भराभर जळतं, आणि कोपऱ्यातलं शेवटचं मिश्रण ज्वाळा पोचायच्या आधीच दाबानं व उष्णतेनं आपोआप पेटतं. तीच तुझी खडखड. ३८ हा आकडा मोठा असला तरी तो धोक्याचा नाही. तुझा धोका ९० च्या ओळीतल्या २६ मध्ये आहे.

काटा वर का गेला? उशिरा ठिणगी म्हणजे उशिरा जळणं. जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती एक्झॉस्टमध्ये आणि हेडच्या पाण्यात जाते. तू टायमिंग मागं घेऊन इंजिन तापवलंस.

आणि तो घाट आत्ता चढू नकोस. भाराखाली चाललेलं नॉकिंग पिस्टनच्या रिंगमधल्या कडा तोडतं, हेड गॅस्केट उडवतं. तुझ्या गाडीला नॉक सेन्सर नाही, म्हणजे चूक झाली तर आपोआप टायमिंग मागं घेणारं कुणी नाही.

प्रतिसाद, नांदेडहून

वरचं सगळं बरोबर आहे, पण आकड्यांना हात लावायच्या आधी एक गोष्ट सांगा: टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावून पाहिली का? बोर्ड २६ म्हणतो तेव्हा इंजिनला २६ च मिळतात, हे कुणी तपासलं? चाक स्वतः बसवलंय ना, मग ट्रिगर अँगल (गाळलेला दात टीडीसीपासून किती अंशावर, तो आकडा) अंदाजे टाकला असेल तर अख्खा तक्ता तेवढ्या अंशांनी खोटा.

असं करा. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून पिस्टन स्टॉप (पिस्टन अडवणारा दांडा) घाला, दोन्ही बाजूंनी क्रँक हातानं फिरवून खरा टीडीसी काढा, पुलीवर खूण करा. टीडीसीच्या आधी १० अंशांवर दुसरी खूण. ट्युनरस्टुडिओमध्ये (बोर्डच्या लॅपटॉपवरच्या प्रोग्रॅममध्ये) स्पार्क फिक्स्ड करून १० द्या आणि लाइट मारा. डायलवाली लाइट वापरू नका. वेस्टेड स्पार्कमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, त्यामुळं अशी लाइट बऱ्याचदा फसवते. साधी लाइट घ्या. मग ३००० पर्यंत रेस करून खूण जागेवर राहते का बघा. सरकत असेल तर क्रँक सेन्सरच्या दोन वायरी उलट जोडल्या गेल्याची शंका घ्या.

बीड पाचशे मीटरच्या आसपास उंचावर आहे. पाय पूर्ण दाबला तरी प्रेशर ९५ च्या आसपासच थांबेल. म्हणजे १०० ची ओळ तुम्हाला कधी पूर्ण लागणारच नाही, बोर्ड ९० आणि १०० च्या मधला आकडा काढतो. कमी करायचं तर दोन्ही ओळी करा.

प्रतिसाद, लातूरहून

एक मुद्दा राहिला. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. आपल्याच उसाचं आहे, त्याबद्दल तक्रार नाही, आणि इथेनॉल स्वतः नॉकिंगला चांगलंच अडवतं. पण त्याला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा, इथेनॉलला ९. ऑक्सिजन सेन्सरवाली गाडी आपोआप जास्त इंधन देते, तुमचा कार्ब्युरेटर १९९७ च्या जेटवर (इंधनाच्या भोकावर) जेवढं होतं तेवढंच देतो. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि मे महिन्यात बॉनेटखालची तापलेली हवा ओढत घाट चढताना पातळ मिश्रण म्हणजे नॉकिंगला आमंत्रण. वाइडबँड मीटर (हवा आणि इंधनाचं प्रमाण दाखवणारा) उसना मिळवा आणि जड भाराला काय दाखवतं ते बघा. इंधनाची चूक टायमिंगनं झाकू नका.

लॅपटॉप घेऊन जाल तेव्हा लॉग नुसता चालू ठेवा. बघायचा घरी येऊन. गाडी चालवताना स्क्रीनकडे बघू नका.

धागाकर्ता, नऊ दिवसांनी

काका आणि दोघेही दादा, तुमचे किती आभार मानू कळत नाही.

लाइट लावली. फिक्स्ड १० दिले आणि खूण १६ वर! म्हणजे घाटात इंजिनला २६ नाही, ३२ अंश मिळत होते. ट्रिगर अँगल सुधारला, आता १० म्हणजे १० आहे आणि ३००० पर्यंत खूण हलत नाही. ४० ची ओळ परत वर नेली, सध्या ३६ वर आहे. पहिल्याच फेरीत गाडी हलकी वाटली आणि काटाही जुन्या जागी आला.

वाइडबँड मिळाला. जड भाराला मिश्रण खरंच पातळ होतं, म्हणून मेन जेट दोन नंबर मोठा टाकला. मग एकटाच गाडीत, सकाळी सहाला, घाटाच्या अलीकडच्या चढावर. चाचांना शेजारी बसवलं असतं पण त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून फोन चालू ठेवून इंजिनचा आवाज ऐकवला. २६ ला अगदी बारीक टकटक, २४ ला गेली. ९० आणि १०० च्या ओळीत २००० ते ३००० मधली घरं आणखी एक अंशानं खाली घेऊन २३ वर ठेवलीत, उन्हाळ्यासाठी. शेजारची घरंही थोडी उतरती केली, मध्येच खड्डा राहू नये म्हणून.

काल चार माणसं बसवून मांजरसुंबा चढलो. खडखड नाही. हवेच्या तापमानाचा सेन्सर अजून रेडिएटरमागं आहे, तो एअर फिल्टरच्या डब्यात घेतो आणि मग गरम हवेची टायमिंग कमी करायची सेटिंग भरतो. त्यात हवा ४० अंश सेल्सिअसच्या पुढं गेली की टायमिंग साधारण किती कमी करता तुम्ही लोक?