चे बाँग न्गाच्या युद्धांना ‘आक्रमण’ म्हणावे की ‘स्वारी’?

प्रश्न : चंपा या आजच्या मध्य व्हिएतनाममधील चाम लोकांच्या राज्याचा राजा चे बाँग न्गा (राज्यकाळ सुमारे १३६० ते १३९०) याने दाई व्हिएत या उत्तरेकडील व्हिएत राज्याच्या थांग लाँग या राजधानीवर, म्हणजे आजच्या हनोईवर, वारंवार धडक मारली. मराठीत यासाठी ‘आक्रमण’ हा शब्द योग्य ठरेल का? आणि त्याच्या मृत्यूला ‘धारातीर्थी पडला’ म्हणता येईल का?

उत्तर : थांग लाँगपुरते बोलायचे तर ‘स्वारी’ हाच शब्द योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे. ‘आक्रमण’ म्हटले की परमुलूख बळकावण्याचा हेतू गृहीत धरला जातो. चे बाँग न्गाचे आरमार १३७१ मध्ये खाडीतून आत शिरले, व्हिएत राजाला नदीपार पळ काढावा लागला, राजवाडे जळाले, लूट गोळा झाली आणि चाम सैन्य परत गेले. त्याने तेथे ठाणे बसवले नाही. १३७७ आणि १३७८ मध्येही राजधानी अशीच लुटली गेली. ‘स्वारी’ या शब्दात घोड्यावर बसणे असले, तरी जहाजांच्या मोहिमेला तो चालतो, कारण शिवाजी महाराजांच्या १६६५ च्या समुद्रमार्गे झालेल्या मोहिमेलाही आपण ‘बसरूरची स्वारी’च म्हणतो.

‘मुलूखगिरी’ मात्र येथे टाळावा. काठेवाडातील मराठ्यांच्या मुलूखगिरीप्रमाणे त्या शब्दाला ठरावीक खंडणीच्या वसुलीचा अर्थ चिकटलेला आहे आणि थांग लाँगशी चंपाचे नाते तसे नव्हते.

दोन्ही राज्यांच्या सीमेवरील थुआन होआच्या प्रदेशाची गोष्ट वेगळी आहे. चंपाचा राजा चे मान याने व्हिएत राजकन्या हुएन त्रान हिच्याशी विवाह करताना १३०६ मध्ये ओ आणि ली हे दोन जिल्हे, म्हणजेच हा थुआन होआचा प्रदेश, दाई व्हिएतला दिले होते आणि गमावलेला तो मुलूख परत मिळवण्याची धडपड चाम राजांनी पुढे सोडली नाही. तेथील लढायांना ‘मुलूख सोडवणे’ असे म्हणणे न्याय्य होईल. ‘आक्रमण’ म्हटल्यास आपण नकळत एकाच पक्षाची बाजू घेतो.

उलट बाजूने पाहता, १३७७ मध्ये त्रान दुए तोंग हा व्हिएत राजा स्वतः सैन्य घेऊन चंपाच्या राजधानीवर चालून गेला. शहर रिकामे असल्याच्या बतावणीला तो भुलला आणि सापळ्यात सापडून मारला गेला. त्याच्या त्या कृतीला ‘चढाई’ हा शब्द नेमका बसतो. या राजधानीचे नाव ‘विजय’ असल्यामुळे ‘विजयाचा पाडाव’ असे लिहिल्यास वाचक गोंधळतो, म्हणून ‘विजय नगरीचा पाडाव’ असे लिहावे. ‘विजयनगर’ असे जोडून तर मुळीच लिहू नये. हा पाडाव ले थान्ह तोंग या व्हिएत राजाने १४७१ मध्ये केला. त्याने चंपाचा मुलूख आपल्या राज्याला जोडला, त्यामुळे तेथे ‘आक्रमण’ हा शब्द पूर्ण अर्थाने लागू पडतो.

आता मृत्यूविषयी. १३९० मध्ये एका फितुराने राजाचे जहाज नेमके कोणते ते व्हिएत सेनापती त्रान खात चान याला दाखवून दिले आणि बंदुकांच्या माऱ्यात चे बाँग न्गा ठार झाला. ‘धारातीर्थ’ या शब्दातील धार तलवारीची आहे, परंतु मराठीने तो अर्थ केव्हाच रुंदावला आहे : पुरंदरावर दिलेरखानाच्या बाणाने पडलेल्या मुरारबाजींनाही आपण धारातीर्थी पडले असेच म्हणतो. लढता लढता पडलेल्या या चाम राजालाही तो शब्द निःशंकपणे वापरावा.