पुण्याच्या बाईला कमावती कुणी केली: सुधारकांनी की आयटीने?

सदाशिवपेठी
परवा इथे ‘हिंजवडीकर’ यांनी लिहिलं, "पुण्यातल्या बायका कमावत्या झाल्या त्या आयटीमुळे. प्रत्येक वेळी १८४८ आणि कर्वे कशाला आणता?" दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. १८४८ मध्ये भिडेवाड्यातल्या मुलींच्या शाळेत सावित्रीबाई उभ्या राहिल्या नसत्या, १८८४ मध्ये मुलींची हुजूरपागा शाळा निघाली नसती, तर हिंजवडीच्या बसमध्ये चढणाऱ्या मुलीकडे डिग्री आली असती कुठून? माझी आजी बाविसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात तीन मुलगे. हिंगण्याला कर्व्यांच्या आश्रमात शिकली, मास्तरीण झाली. तिच्या पगारावर माझे वडील आणि दोन काका शिकले. तेव्हा कुठली आयटी होती?

हिंजवडीकर
ते वाक्य माझंच आहे आणि मी ते मागे घेणार नाही. तुमच्या आजींना नमस्कार. पण माझी आई १९७८ साली बी.कॉम. झाली, पहिल्या वर्गात, आणि घरी बसली. आजोबा म्हणाले, "आपलं एका पगारात भागतं." शाळा-कॉलेज सगळं होतं की! मी १९९९ मध्ये नोकरीला लागले तेव्हा त्याच घरातून कुणी चकार शब्द काढला नाही, कारण फ्लॅटचा हप्ता एका पगारात बसत नव्हता. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी अमेरिकेची दोनशे वर्षं तपासली: शेती जाऊन कारखाने आले तेव्हा बायकांचा कामातला वाटा घटला, सेवाक्षेत्र वाढलं तेव्हा परत वर गेला. म्हणजे नुसतं शिक्षण पुरत नाही, बाईला घेणारी नोकरीही लागते. पुण्यात ती आयटीने दिली.

जनता वसाहत
तुम्ही दोघं पांढरपेशांचंच बोलताय. माझ्या आईला कुणी ‘कमावती केली’ नाही. ७२ च्या दुष्काळात ती पुण्यात आली आणि दुसऱ्या आठवड्यात कचरा वेचायला लागली. काम होतंच, मान नव्हता. पोलीस चोर म्हणून हाकलायचे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, पुढे महापालिकेने मान्य केलेलं ओळखपत्र मिळालं. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ती पोलक्यात ठेवायची. सुधारकांनीही नाही दिलं, आयटीनेही नाही. बायकांनी एकत्र येऊन मिळवलं.

हिंजवडीकर
हे माझ्या डोक्यात नव्हतं. तुमच्या आईबद्दल बरोबर आहे तुमचं. आयटीबद्दलचं माझं म्हणणं तरी कायम.

बाणेरची आई
खरं बोलू का? आम्ही नोकरी करतो ती पोळ्यांच्या मावशींच्या जिवावर. आणि त्या न सांगता दांडी मारतात. काल नऊला मीटिंग, मावशींचा फोन बंद. आमच्या सोसायटीने ठरवलंय, महिन्याला दोनच सुट्ट्या, वर झाल्या तर पैसे कापायचे. मला पटतं.

जनता वसाहत
दोन? तुम्हाला शनिवार-रविवार धरून आठ! बाळंतपणाला २०१७ पासून सव्वीस आठवडे, भरपगारी. माझी बहीण पाच घरी पोळ्या करते. बाळंत झाली, दीड महिन्यात परत कामावर, नाहीतर घरं गेली असती. मोलकरणींनी याच पुण्यात १९८० मध्ये संप केला तो सुट्टी आणि पगारासाठीच. इतक्या वर्षांनी तुम्ही परत दोनवर आलात?

बाणेरची आई
आवाज चढवू नका. माझ्या घरात सासरे अंथरुणाला खिळलेत. मी काय करायचं?

सदाशिवपेठी
नवऱ्याला पोळ्या लाटायला लावायच्या. २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोजची २९९ मिनिटं निघाली, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. मी स्वतः साठाव्या वर्षी कणीक मळायला शिकलो, बायको आजारी पडली तेव्हा. त्याआधी चाळीस वर्षं तिने बँकेतली नोकरी करून दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, आणि मला ते दिसलं नाही.

हिंजवडीकर
काका, हे तुम्ही आधी लिहायला हवं होतं. माझ्या आईचंही हेच, फक्त पगाराशिवाय.

बाणेरची आई
नवरा पुण्यात असता तर लाटल्या असत्या. तो चेन्नईला आहे.

जनता वसाहत
मग मावशींना विचारा, त्यांचा फोन का बंद होता.

बाणेरची आई
विचारलं. मुलाला ताप होता, रात्रभर ससूनला होत्या. कालचे पैसे कापणार नाही.

हिंजवडीकर
आमच्याकडेही दोनच सुट्ट्या होत्या. या महिन्यापासून चार, भरपगारी. ‘आयटीमुळे’ हा शब्द मात्र खोडणार नाही.

जनता वसाहत
चार सुट्ट्या म्हणजे रविवार झाले. आजारपणाच्या वेगळ्या धरा. आणि दिवाळीला एक पगार.