कलर टीव्ही-गेम १५ स्मॅशमध्ये आहे, मग ओडिसीचं नाव कुठे?

तळेगावकर

परवा इथे एका सदस्याने निन्टेंडोच्या 'स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या लढाईच्या गेमबद्दल लिहिलं होतं. लढतीत कुणाला तरी मदतीला बोलावणारी असिस्ट ट्रॉफी उचलली आणि त्यातून निन्टेंडोचा जुना टीव्ही-गेम, कलर टीव्ही-गेम १५, निघाला की त्यांना भरून येतं, कारण घराघरात व्हिडिओ गेम जिथून सुरू झाला ते यंत्र निन्टेंडोने जपलं आहे, असा त्यांचा सूर. खाली सगळ्यांचे बदाम. दोन ओळींत उत्तर देऊन माझं भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

घराघरात व्हिडिओ गेम तिथून सुरू झाला नाही. कलर टीव्ही-गेम १५ आला १९७७ मध्ये. मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ओडिसी, टीव्हीला जोडायचा गेम, अमेरिकेत १९७२ मध्येच दुकानात होता आणि त्यामागचं अभियंता राल्फ बेअरचं काम १९६६ पासूनचं. जपानपुरतं बोलायचं तरी इपॉक कंपनीचा टीव्ही टेनिस १९७५ चा, म्हणजे निन्टेंडोच्या दोन वर्षं आधीचा. निन्टेंडोला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. जपानात ओडिसी विकायचे हक्क १९७४ मध्ये त्यांनीच घेतले होते. दुसऱ्याचा माल विकला, धंदा कळला, मग मित्सुबिशी इलेक्ट्रिकला सोबत घेऊन स्वतःचा डबा काढला. धंदा म्हणून यात काही गैर नाही. पण स्मॅशमध्ये दोन टोकांना दोन फळ्या उभ्या राहतात, मधून चेंडू ये-जा करतो, मध्ये सापडेल त्याला तो लागतो, आणि लोक म्हणतात बघा निन्टेंडोचा वारसा! ती फळी आणि तो चेंडू मुळात बेअरचे आहेत. अख्ख्या गेममध्ये त्याचं किंवा ओडिसीचं नाव नाही. आज बारा वर्षांचं पोर हे बघून काय शिकणार?

मृण्मयी_बोरिवली

बारा वर्षांचं पोर समोरच्याला स्टेजवरून कसं ढकलायचं ते शिकणार. ते काही इतिहासाच्या तासाला बसलेलं नाही.

अहो, तो निन्टेंडोचा गेम आहे. कलर टीव्ही-गेम हे निन्टेंडोच्या स्वतःच्या नावावरचं घरी खेळायचं पहिलं यंत्र. ते त्यांनी स्वतःच्या गेममध्ये ठेवलं. उद्या माझ्या घरात माझ्या आजोबांचा फोटो लावला तर शेजारचे येऊन विचारणार का, की आमच्या आजोबांचा का नाही? आणि गेमचा दिग्दर्शक साकुराई, त्याने नुसतं शोभेला ठेवलेलं नाही ते. बाकीच्या बहुतेक असिस्ट ट्रॉफी एखादं पात्र आणतात, ही एक अख्खा जुना गेमच चालू लढतीवर आणून ठेवते. समोरचा माझ्याशी लढताना चेंडूकडेही बघत राहतो. इतकी हुशार मांडणी त्या अख्ख्या यादीत क्वचित सापडेल.

तळेगावकर

मांडणी हुशार आहे, मी कुठे नाही म्हणालो? पण घरातल्या फोटोचा मुद्दा इथे टिकत नाही, कारण त्या घरात शेजाऱ्यांचे फोटो आहेतच. सॉनिक सेगाचा, स्नेक कोनामीचा, पॅकमॅन नामकोचा, र्यू कॅपकॉमचा. पाहुण्यांना जागा आहे, हक्कांची बोलणी करायची ताकद आहे. मग ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं त्याच्यासाठी एक ओळ का निघत नाही?

पिक्सेलपंत

कारण ओडिसीला चेहरा नाही. त्यात आवाजसुद्धा नव्हता. टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद चिकटवायचा, मग पडद्यावरचे तीन ठिपके म्हणजे टेनिस की हॉकी हे त्या कागदावरून ठरायचं. गुण खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवायचे. अशा यंत्राचा लढवय्या करणार कसा?

आणि मुळात स्पर्धेत आयटम, म्हणजे लढतीत उचलायच्या वस्तू, बंद असतात. असिस्ट ट्रॉफी निघतच नाही. मी गेली कित्येक वर्षं स्मॅश गांभीर्याने खेळतोय आणि ही गोष्ट मला क्वचितच दिसली. ज्या गोष्टीचा लढतीच्या निकालाशी संबंध नाही, तिच्यावर एवढा खल कशाला?

मृण्मयी_बोरिवली

पंत, आयटम बंद करून खेळायचं तर रस्त्यावर मारामारीचे दुसरे गेम पडलेत. पार्टीत चार जण बसून खेळतात त्यांच्यासाठीच हा बनलाय.

पिक्सेलपंत

हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले. इव्हो या लढाईच्या गेमांच्या स्पर्धेत २०१९ मध्ये सगळ्यात जास्त नोंदणी याच गेमला होती आणि ती सगळी आयटम बंद ठेवून खेळणारी माणसं होती. पार्टी गेम म्हणून हिणवायचं असेल तर आधी एकदा समोर बसा.

मृण्मयी_बोरिवली

बसते. रविवारी. आयटम चालू ठेवून.

नेवार्कवासी

मूळ मुद्द्यावर येतो. तळेगावकरांना माझा पूर्ण पाठिंबा, आणि त्यांनी सगळ्यात गंभीर गोष्ट सांगितलीच नाही.

बेअर आणि मॅग्नाव्हॉक्सच्या पेटंटवरून अमेरिकेत बरेच खटले झाले. अटारीने १९७६ मध्ये तडजोड केली. १९८५ मध्ये निन्टेंडो स्वतः कोर्टात गेली, ती पेटंट रद्द करून घ्यायला. त्यांचा दावा होता की ब्रूकहेवन प्रयोगशाळेत १९५८ मध्ये हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्रावर) 'टेनिस फॉर टू' करून दाखवलं होतं, म्हणजे बेअर पहिला नव्हेच. कोर्टाने मानलं नाही. ऑसिलोस्कोपवर व्हिडिओ सिग्नल नसतो, असं म्हणून निकाल बेअरच्या बाजूने लागला. ज्या कंपनीने त्या माणसाचं पहिलेपण कोर्टात खोडायचा प्रयत्न केला, तीच कंपनी आज चेंडू-फळी स्वतःचा वारसा म्हणून मिरवते. मृण्मयीताई, तुमच्या आजोबांच्या फोटोत हे बसतं का?

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये बेअरची अख्खी कार्यशाळा आणून मांडली आहे. टेबल, अवजारं, सगळं. मी मुलांना घेऊन गेलो होतो. मुलगा बघून म्हणाला, हा तर स्मॅशमधला निन्टेंडोचा गेम. तिथे उभा राहून त्याला सगळं उलगडून सांगावं लागलं, आणि तेव्हा खरंच वाईट वाटलं.

मृण्मयी_बोरिवली

खटल्याचं मला माहीत नव्हतं. तरीही कंपनीच्या वकिलांनी ऐंशीच्या दशकात जे केलं त्याचा राग एका असिस्ट ट्रॉफीवर काढणं मला पटत नाही. आणि तुमच्या मुलाने ते ओळखलं तरी. ती ट्रॉफी नसती तर त्या टेबलापुढून तो सरळ निघून गेला असता.

कोल्हापुरी_कॉन्ट्रा

नक्कल, नक्कल काय लावलंय सगळ्यांनी? निम्म्या महाराष्ट्राचं बालपण नकलेवर गेलंय. वडिलांनी मुंबईहून येताना निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राची नक्कल आणली होती. सोबत ९९९९ इन १ लिहिलेली कार्ट्रिज, आत तेच आठ-दहा गेम नावं बदलून. एक बंदूक, बदकं मारायला. आईला वाटायचं टीव्ही खराब होईल, म्हणून फक्त रविवारी दुपारी परवानगी. गल्लीतली पोरं दारात रांग लावायची. निन्टेंडो हे नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आम्हाला मारिओ माहीत होता, कंपनी माहीत नव्हती.

माझं म्हणणं, निन्टेंडोने बेअरचं उचललं, तैवान-चीनच्या कारखान्यांनी निन्टेंडोचं उचललं, आणि म्हणून तो खेळ कोल्हापूरपर्यंत आला. मूळ कंपनीची वाट बघत बसलो असतो तर आजही विटीदांडूच खेळलो असतो.

पिक्सेलपंत

हे चोरीचं समर्थन झालं. फॅमिकॉममागे १९८३ च्या आधीची अनेक वर्षांची मेहनत होती. कुणीतरी चिप जशीच्या तशी उतरवून विकली आणि आपण टाळ्या वाजवायच्या?

कोल्हापुरी_कॉन्ट्रा

चोर कुणाला म्हणतोस? माझ्या वडिलांना? त्यांनी दुकानातून पैसे मोजून आणलं, पगारातून साठवून. खरा माल इथल्या दुकानात ठेवायची तसदी कंपनीने घेतली असती तर त्यांनी तोच आणला असता. आजही इथल्या बहुतेकांनी निन्टेंडोचा स्विच ग्रे मार्केटमधूनच घेतलाय, जादा पैसे भरून आणि वॉरंटीविना. तू कुठून घेतलास ते सांग आधी.

पिक्सेलपंत

वडिलांना काहीही म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नकोस. स्विच सिंगापूरहून आणला, पावती आहे.

संपादक मंडळ

वैयक्तिक शेरे थांबवा. पुढचा असा प्रतिसाद उडवला जाईल.

रेट्रो_रमा

कॉन्ट्रा यांच्या मुद्द्याला जोडून, अवांतर असलं तरी. कंपनीला वारशाचा इतका अभिमान असेल तर तो वारसा विकत तरी मिळू द्या. वी यू आणि थ्रीडीएस या त्यांच्या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद केली. त्यावरचे जे गेम फक्त डिजिटल होते आणि दुसरीकडे निघाले नाहीत ते त्या दिवसापासून नव्याने विकत मिळत नाहीत. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने पाहणी केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात नव्हते. आणि एका यंत्राचे गेम संगणकावर चालवणारे इम्युलेटर बनवणाऱ्यांना कोर्टात खेचतात. युझू या स्विचच्या इम्युलेटरवाल्यांनी २०२४ मध्ये २४ लाख डॉलर भरून गाशा गुंडाळला.

कलर टीव्ही-गेम बघायचा तर स्मॅशमधले ते काही सेकंद, नाहीतर क्योटोजवळ उजीला २०२४ मध्ये उघडलेल्या निन्टेंडो म्युझियमचं तिकीट. जपानला जाणारे किती जण आहेत इथे?

पिक्सेलपंत

युझूवर स्विचचे चालू गेम फुकट चालत होते, विक्रीला यायच्या आधीसुद्धा. त्याचा आणि १९७७ च्या डब्याचा काय संबंध? जतनाच्या नावाखाली फुकटेगिरी चालते, हे मान्य करा.

रेट्रो_रमा

काही जण करतात, मान्य. पण ज्याला पैसे देऊन घ्यायचंय त्याच्यासाठी दार उघडं ठेवा, एवढंच मागणं आहे. माझ्या भावाच्या थ्रीडीएसवरचे डिजिटल गेम यंत्र बिघडल्यावर परत मिळवताना आम्ही रडकुंडीला आलो. पावत्या होत्या, खातं होतं, तरी. पैसे मोजून घेतलेली वस्तू माझी आहे की नाही, हे कुणी स्पष्ट सांगेना.

नेवार्कवासी

+१. आणि ओडिसीचं यंत्र वस्तुसंग्रहालयात काचेआड आहे ते चाहत्यांमुळे आणि बेअरने स्वतः कागदपत्रं जपली म्हणून.

मृण्मयी_बोरिवली

या सगळ्यात एक सांगते, तळेगावकरांच्या बाजूने वाटेल, पण वाटू दे. २०१४ च्या स्मॅशमध्ये ट्रॉफी, म्हणजे पात्रांच्या छोट्या मूर्ती, गोळा करायच्या असायच्या आणि प्रत्येकीखाली चार ओळी लिहिलेल्या असायच्या, हे पात्र कुठलं, कधीचं. अल्टिमेटमध्ये ट्रॉफी गेल्या आणि स्पिरिट आले. त्यावर चित्र, नाव आणि मालिका, बास. लिहिलेला मजकूर गेला. मला स्वतःला निन्टेंडोच्या कित्येक जुन्या गोष्टी त्या चार ओळींतून कळल्या होत्या. त्या काढायला नको होत्या. बेअरचं नाव तिथे आलं असतं की नाही कुणास ठाऊक, पण निदान लिहायला जागा होती.

तळेगावकर

हेच तर म्हणतोय पहिल्यापासून. मला त्या फळ्या काढायला नकोत. १९७७ हे साल आणि त्याआधी कोण होतं, एवढं लिहा.

मृण्मयी_बोरिवली

तुम्ही पहिल्यापासून 'वारसा मिरवतात' म्हणत होता. पाटी लावा, हे आत्ता म्हणताय. पाटीला माझी हरकत नाही. बाकीच्या एकाही शब्दाशी मी सहमत नाही.

पिक्सेलपंत

किमतीवरून एक. कलर टीव्ही-गेम १५ ची किंमत १५,००० येन होती आणि सहा वर्षांनी आलेल्या फॅमिकॉमची १४,८००. म्हणजे चेंडू-फळीच्या पैशांत पुढे मारिओ मिळाला. निन्टेंडोचं खरं कर्तृत्व ते आहे, आणि त्याचं श्रेय बेअरला देता येणार नाही.

नेवार्कवासी

ते श्रेय निन्टेंडोचंच. ते कुणीच मागितलेलं नाही.

कोल्हापुरी_कॉन्ट्रा

पंत, मगाशी आवाज चढला, पण वडिलांचा विषय निघाला की माझं असंच होतं. नकलेबद्दलचं मत मात्र तेच आहे.

ती बंदूक अजून आहे माझ्याकडे. नव्या टीव्हीवर बदकं मरतच नाहीत. स्मॅशमध्ये डक हंट या बदकांच्या गेमचा कुत्रा आणि बदक बघून मुलगी रोज विचारते, खरी बंदूक दाखवा. दाखवली, चालली नाही.

रेट्रो_रमा

सपाट टीव्हीवर चालणार नाही ती. बंदुकीतला सेन्सर जुन्या ट्यूबच्या पडद्याचा उजेड टिपतो आणि त्याला वेळ अगदी नेमकी लागते. नव्या पडद्यावर चित्र उशिरा पोचतं, सगळं चुकतं. ट्यूबवाला जुना टीव्ही हवा, एकवीस इंची असला तरी पुरे. भंगारवाल्यांना सांगून ठेवा, लोक फुकटात देतात. घेताना चालू करून चित्र स्थिर राहतंय ना ते बघा, आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका, आत वीज साठलेली असते.

कोल्हापुरी_कॉन्ट्रा

शाहूपुरीत एक मेकॅनिक आहेत, अजून ट्यूब दुरुस्त करतात. उद्या जातो.

तळेगावकर

धागा ओडिसीचा होता, एवढं लक्षात असू द्या.