दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर उलट्या: काय बदलावं?

प्रश्न (भूलतज्ज्ञ, सोलापूर):
ऑपरेशनच्या शेवटी ऑनडान्सेट्रॉन (उलटीवरचं औषध) ४ मिग्रॅ देऊनही बायकांना मळमळ होते, रात्री वॉर्डातून बोलावणं येतंच. आणखी काय करावं?

उत्तर १:
आधी अॅपफेलचे मुद्दे (ऑपरेशननंतरच्या उलट्यांचा धोका सांगणारे) मोजा: स्त्री, धूम्रपान नाही, पूर्वी उलट्या किंवा गाडी लागणं, नंतर ओपिऑइड (अफूच्या जातीचं वेदनाशामक). तीन असतील तर धोका साधारण ६० टक्के, चार असतील तर ८०. अक्कलकोटहून एसटीने येताना गाडी लागली का, हे विचाराच. मिसरी लावणारी किंवा विड्या वळणारी बाई धूम्रपान करणारी धरू नका, इथे गल्लत होते. अशांना एक औषध पुरत नाही. भूल चढल्याबरोबर डेक्सामेथासोन (स्टिरॉइड) ४ ते ८ मिग्रॅ द्या. त्याचा असर सावकाश होतो, शेवटी देऊन काय उपयोग? जागेपणी मात्र देऊ नका, जांघेत भयंकर आग होते. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा.

उत्तर २:
माझ्या मते खरा फरक भुलेत आहे. नायट्रस (भुलेचा वायू) बंद करा, प्रोपोफॉल या शिरेतून देण्याच्या भुलेच्या औषधाच्या ड्रिपवर चालवा. पोटात भरलेल्या गॅसचा दाब १२ मिमी पाऱ्याच्या आत ठेवायला सर्जनना सांगा. टाके घालण्याआधी पोट हलकं दाबून गॅस पूर्ण काढा. छिद्रांपाशी बुपिव्हाकेन (जागा बधिर करणारं औषध) आणि शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम दिलं की ट्रामाडॉल हे ओपिऑइड टळतं. उलट्यांना ट्रामाडॉलच फार कारण ठरतं.
आणि सोलापूरच्या मे महिन्यात रात्रीपासून कोरडं ठेवू नका हो! जठर नीट रिकामं होत असेल तर दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं.

उत्तर ३:
रात्री बोलावणं आलं की आधी बीपी बघा, ते पडलं तरी मळमळतं. सहा तासांच्या आत पुन्हा ऑनडान्सेट्रॉन नको, दुसऱ्या गटातलं औषध द्या.